मोर्चाला लाखो, ग्रामसभेला वीस

९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा निघाला. खेड्यापाड्यांतून माणसं आली, बायका आल्या, कॉलेजातल्या मुली आल्या. घोषणा नाहीत, पुढाऱ्यांची भाषणं नाहीत. त्यानंतर वर्षभरात राज्यात असे ५८ मोर्चे झाले आणि लाखोंची गर्दी हे त्यांचं नेहमीचं चित्र होतं.

आता याच खेड्यांतल्या ग्रामसभा बघा. गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं जमली की गणपूर्ती होते. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत तेवढीही जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे जे वीस-पंचवीस जण हजर असतील त्यांच्यावर गावाचे ठराव होऊन जातात.

मोर्चाला गेलेला माणूस आणि ग्रामसभेला न गेलेला माणूस बऱ्याच वेळा एकच असतो. म्हणून ‘काहींना राजकारणाची आवड असते, काहींना नसते’ हे आपलं ठरलेलं उत्तर मला अपुरं वाटतं. आवडनिवड असते, पण तिनं फार थोडा उलगडा होतो. माणूस कधी पुढं होतो आणि कधी घरात बसतो याची कारणं त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या कामाच्या दिवसांत, खिशात आणि ओळखीपाळखीत जास्त सापडतात.

राजकारण म्हणजे इथं फक्त निवडणूक लढवणं धरलेलं नाही. मत देणं, ग्रामसभेत उठून हिशेब विचारणं, रेशन दुकानाच्या तक्रारीचा अर्ज तहसीलला देणं, रास्ता रोकोत बसणं, पॅनलच्या प्रचाराला फिरणं हे सगळं त्यात आलं. टपरीवरच्या चर्चा मात्र मी सोडून दिल्या आहेत. चर्चेत आपला मराठवाडा कुठंच कमी नाही.

एका मताचा हिशेब

अँथनी डाउन्स या अमेरिकन अभ्यासकानं १९५७ मध्ये हा प्रश्न अगदी रोकडा मांडला. मत द्यायला जायचं तर वेळ जातो, कधी मजुरी बुडते. बदल्यात मिळतं काय? लाखो मतांत आपल्या एका मतानं निकाल फिरण्याची शक्यता जवळपास नाहीच. मग घरी बसणं हेच शहाणपणाचं ठरतं. उमेदवार कोण, कुणानं काय केलं, हे शोधत बसण्यातही वेळ घालवण्याचं कारण उरत नाही.

लोकसभेच्या मतदारसंघात अठरा-वीस लाख मतदार असतात. तिथं हा हिशेब खोडून काढणं अवघड आहे. ग्रामपंचायतीत तो उलटा फिरतो. वॉर्डात चार-पाचशे मतं, त्यात पाच-सात मतांनी सीट जाते, कधी समसमान मतं पडली तर चिठ्ठी टाकावी लागते. म्हणून तर पुण्यात कंपनीत काम करणाऱ्या पोरांना आणायला गाव गाड्या पाठवतं. इथं एका मताची किंमत शंभर टक्के खरी असते आणि ती सगळ्यांना माहीत असते.

पण मग लोकसभेला तरी माणसं का जातात? २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ६१ टक्के मतदान झालं. एवढी माणसं डाउन्सच्या हिशेबात बसत नाहीत. याचं एक उत्तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २००६ साली झालेल्या प्रयोगात मिळतं. सुमारे १ लाख ८० हजार घरं घेऊन अभ्यासकांनी काही घरांना पत्रं पाठवली. एका पत्रात ‘मत देणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे’ एवढंच होतं, त्याचा परिणाम किरकोळ झाला. दुसऱ्या एका पत्रात तुमचं आणि तुमच्या शेजाऱ्यांचं नाव, मागच्या वेळी कुणी मत दिलं, कुणी नाही, याची यादी होती आणि निवडणुकीनंतर नवी यादी पाठवू असं लिहिलं होतं. ज्यांना कसलंच पत्र गेलं नव्हतं त्यांच्यापेक्षा या घरांतलं मतदान सुमारे ८ टक्क्यांनी जास्त भरलं.

आपल्याकडं हे पत्र छापावं लागत नाही. बूथबाहेरच्या टेबलावर बसलेला पोरगा मतदार यादीवर पेनानं खुणा करत असतो. दुपारी तीनला तो वर बघून म्हणतो, ‘वरच्या आळीतले अकरा राहिले, टेम्पो पाठवा.’ कोण आलं, कोण नाही आलं, हे गावाला दिसतं. भावकीनं ठरवलेलं असतं, त्यात आपलं घर मागं राहिलं असं कुणालाच नको असतं. मतदानामागं विचार नसतो असं मला म्हणायचं नाही, तो असतो. पण माणसाला उठवून केंद्रापर्यंत नेतात ती भोवतालची माणसं.

जमत नाही, वाटत नाही, बोलावलं नाही

सिडनी वर्बा, के श्लॉझमन आणि हेन्री ब्रेडी या तिघांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीवरून एक सरळ मांडणी केली. त्यांनी प्रश्न उलटा विचारला: माणसं भाग का घेत नाहीत? उत्तरं तीन निघाली. त्यांना जमत नाही. त्यांना वाटत नाही. किंवा त्यांना कुणी बोलावलंच नाही.

ही मांडणी इथं आणताना एक सावधपणा हवा. अमेरिकेत शिकलेला, पैसेवाला माणूस गरिबापेक्षा जास्त मतदान करतो. भारतात १९९० च्या दशकापासूनच्या पाहण्यांत दलित आणि गरीब मतदार सधन, सुशिक्षितांच्या बरोबरीनं, काही वेळा त्यांच्यापेक्षा जास्त मत देताना दिसतात. म्हणजे मतापुरती पैशा-शिक्षणाची अडचण आपल्याकडं आड येत नाही. ती आड येते मतदानाच्या पुढच्या पायरीवर.

बीड जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी लाखो माणसं घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजलेलं असतं. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या हद्दीत पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत जातात. उचल फिटेपर्यंत परतायचं नाव नाही.

आता गावाचं वेळापत्रक याच्याशेजारी ठेवून बघा. ग्रामसभा बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. पुढच्या वर्षी पैसा कशावर खर्च करायचा, तो ग्रामपंचायत विकास आराखडा करण्याची मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळ्यात चालते. म्हणजे रस्ता कुठल्या वस्तीला, नळ कुठल्या गल्लीला, हे ज्या महिन्यांत ठरतं, नेमक्या त्याच महिन्यांत गावातली सगळ्यात गरजू घरं कुलूपबंद असतात. या माणसांना ‘राजकारणात रस नाही’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्यांना कुणी विचारण्याच्या आतच तारखेनं बाहेर ठेवलेलं असतं.

२६ जानेवारीची अशी एक ग्रामसभा मी जवळून पाहिली आहे. झेंडावंदन झालं, शाळेतल्या पोरांना बुंदी वाटून झाली. मारुतीच्या पारावर सतरंजी अंथरली. पुढं पांढऱ्या टोप्यांची एक रांग, बाजूला उभे राहिलेले चार-सहा तरुण, आणि बायकांत अंगणवाडी सेविका, आशाताई अन् बचत गटाची अध्यक्ष एवढ्याच. ग्रामसेवकांनी विषय वाचले. प्रत्येक विषयाच्या शेवटी ‘मंजूर?’ आणि समोरून ‘मंजूर’. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. मग शिपाई प्रोसिडिंगचं रजिस्टर आणि शाईचा पॅड घेऊन घरोघर निघाला. एका उंबऱ्यावर म्हातारीनं विचारलं, ‘काय लिवलंय रं ह्यात?’ तो म्हणाला, ‘काई नाई जिजी, ग्रामसभेचं हाय. दाबा हितं.’ जिजीनं अंगठा उमटवला आणि पदराला बोट पुसलं. कागदावर ती सभेला हजर होती.

जमण्याचा भाग नुसत्या वेळेपुरता नसतो. चारचौघांत उभं राहून बोलणं, इतिवृत्त वाचणं, मुद्देसूद अर्ज लिहिणं, पोच घ्यायला न विसरणं, ही कौशल्यं आहेत आणि ती कुठंतरी शिकावी लागतात. वर्बा आणि मंडळींना आढळलं की माणसं ती राजकारणाबाहेर शिकतात: कामाच्या जागी, चर्चमध्ये, संस्थांमध्ये. आपल्याकडं दूध संस्था, भजनी मंडळ, गणेश मंडळ, बचत गट ही तशी ठिकाणं. ज्यानं सप्त्याची वर्गणी गोळा करून पै-पैचा हिशेब फळ्यावर लिहिला, त्याला पंचायतीचा जमाखर्च विचारायची भीती वाटत नाही.

आणखी एक शाळा होती, कॉलेजची निवडणूक. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी आघाडीवर होते, नामांतराच्या लढ्यातही. त्यातली पुष्कळ मंडळी पुढं वेगवेगळ्या पक्षांत दिसली. महाराष्ट्रात महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. त्यात हाणामाऱ्या होत होत्या हे खरं, पण बंद करून आपण काय घालवलं याचा हिशेब कुणी मांडला नाही. शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, मजुराच्या पोराला विनाभांडवल राजकारण शिकायची ती एक जागा होती. आता बिनओळखीच्या पोराला नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर लावण्यापासून सुरुवात करावी लागते, आणि ज्याचे वडील आधीच कारखान्यावर किंवा बँकेवर संचालक आहेत तो थेट वरच्या पायरीवर उभा असतो.

‘वाटत नाही’ याचा अर्थ लावताना अभ्यासक दोन प्रकारचे विश्वास वेगळे करतात. एक, मला यातलं समजतं, मी काही करू शकतो. दोन, मी केलं तर समोरची व्यवस्था ऐकेल. पहिला असून दुसरा नसला तर माणूस मोर्चाला जातो, सभेला जात नाही. सुरुवातीच्या कोड्याचं मोठं उत्तर मला इथं दिसतं. ग्रामसभेत विचारलं तर काही हलणार नाही, असं अनुभवानं वाटतं. लाखोंच्या गर्दीत उभं राहिलं तर मुंबईपर्यंत ऐकू जाईल, असंही अनुभवानंच वाटतं. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला आणि काही दिवसांत गावोगाव साखळी उपोषणं सुरू झाली. पुढच्या वर्षी तिथून जवळच वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणासाठी उपोषण झालं, त्याच्याभोवतीही गावंच्या गावं उभी राहिली. मागण्या परस्परविरोधी असतील, पण दोन्हीकडं आलेला माणूस एकाच भावनेनं आला होता: एकट्याचं कुणी ऐकत नाही.

या ‘वाटत नाही’मध्ये भीतीही मिसळलेली असते आणि तिला आळस म्हणणं अन्याय आहे. शहरात मी एखाद्या पक्षाचं काम केलं तर माझं पाणी तुटत नाही. गावात विरोधी पॅनलला गेलं तर शेतात जायची वाट अडते, सोसायटीचं कर्ज अडकतं, घरकुलाच्या यादीतलं नाव मागं सरकतं, बहिणीच्या लग्नात भावकी पंक्तीला बसत नाही. ‘कशाला वाईटपणा घ्यायचा, बप्पा?’ हे वाक्य मराठवाड्यात रोज कुठं ना कुठं बोललं जातं. बोलणारा अडाणी नसतो. त्यानं किंमत मोजून बघितलेली असते.

आणि ही किंमत सगळ्यांना सारखी नसते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली, माणसं गावं सोडून गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. एवढं होऊनही लढा थांबला नाही. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला, पुढं सत्याग्रह झाले, तुरुंगवास झाले, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. जवळपास सोळा वर्षं ज्यांच्याकडं ना वेळ होता ना पैसा, ना सुरक्षितता, ती माणसं टिकून राहिली.

नुसत्या साधनांच्या हिशेबानं हे उलगडत नाही. डग मॅकअॅडम या समाजशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या १९६४ च्या एका मोहिमेचा अभ्यास केला. मिसिसिपी राज्यात काळ्या नागरिकांची मतदार नोंदणी करायला उत्तरेकडचे विद्यार्थी जाणार होते, जीव जाण्याचा धोका होता, आणि काहींचा गेलाही. अर्ज करून निवडले गेलेल्यांपैकी काही गेले, काही ऐनवेळी मागं हटले. दोघांचे विचार सारखेच होते, तळमळही सारखी. फरक मुख्यतः एवढाच सापडला की जे गेले त्यांचे जवळचे मित्र या कामात आधीच होते आणि ते स्वतः अशा संघटनांत वावरलेले होते. जोखीम जेवढी मोठी, तेवढी सोबतीची गरज मोठी. नामांतराच्या लढ्यामागंही अशीच सोबत होती: बौद्धवाड्यांतली विहारं, बाबासाहेबांनी औरंगाबादेत उभं केलेलं मिलिंद महाविद्यालय आणि तिथली वसतिगृहं, दलित पँथरच्या छावण्या, शाहिरांचे जलसे.

त्याच्याही आधी हैदराबाद मुक्तिसंग्रामात हेच झालं. निजामाच्या राज्यात परवानगीवाचून सभा घ्यायची सोय नव्हती. मग माणसं तयार कुठं झाली? शाळांत, ग्रंथालयांत, आर्य समाजाच्या मंदिरांत. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या विद्यार्थ्यांतून कार्यकर्ते निघाले. वर्गात ज्या गुरुजींनी शिकवलं त्यांनीच चला म्हटल्यावर नाही म्हणणं कठीण जातं.

म्हणून तिन्हींत मला तिसरं कारण सगळ्यात वजनदार वाटतं: बोलावलं का? स्त्रियांच्या बाबतीत ते लख्ख दिसतं. १९६२ च्या लोकसभेला देशात स्त्रियांचं मतदान पुरुषांपेक्षा १६ टक्क्यांहून जास्त मागं होतं. २०१९ ला दोघं बरोबरीला आले. स्त्रियांचा स्वभाव बदलला असं यावर कुणी म्हणेल का? उंबऱ्याबाहेरचं जग त्यांच्यासाठी थोडं उघडलं. महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांना राखीव आहेत. सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे पती बसलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत आणि ते संतापजनकच आहे. पण तेवढ्यावर आरक्षण वाया गेलं असं ठरवणाऱ्यांनी मुंबईचा एक अभ्यास जरूर लक्षात घ्यावा. १९९७ ला महापालिकेचे जे वॉर्ड स्त्रियांना राखीव होते, ते २००२ ला खुले झाले. रिखिल भवनानी यांनी दोन्ही निवडणुका तपासल्या. आधी राखीव राहिलेल्या वॉर्डात, आरक्षण उठल्यावरही, स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. एकदा बोलावलेल्या बायका परत घरी गेल्या नाहीत, आणि पक्षांनाही त्यांची नावं माहीत झाली.

मराठवाड्यात याचं माझ्या लेखी सगळ्यात चांगलं उदाहरण किल्लारीचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात लातूर आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावं जमीनदोस्त झाली. नंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात शेकडो गावांतून बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून घेतलं गेलं. हप्ता कुठं अडकला, भिंतीत लोखंड कसं बसवायचं, इंजिनिअर कधी येणार, हे त्या घरोघर सांगायच्या आणि लोकांची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांपर्यंत न्यायच्या. ज्या बाईला गावातल्या बैठकीत मागं उभं राहायचीही सवय नव्हती, ती कागद घेऊन कचेरीत जायला लागली. तिला कुणी राजकारणाची आवड लावली नव्हती. कुणीतरी नाव घेऊन काम सोपवलं होतं आणि त्या कामाला गावात किंमत होती.

एक वर्ग मात्र असा आहे की ज्याला जमतं, समजतं, बोलावणंही येतं, तरी तो बाहेर आहे: शिकून पुण्या-मुंबईला गेलेला आपला तरुण. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये म्हटलं होतं की व्यवस्था बिघडली की माणसापुढं दोन वाटा असतात, आवाज उठवायचा किंवा निघून जायचं. निघून जायची वाट जेवढी सोपी, तेवढा आवाज कमी होतो. मराठवाड्यानं आपली हुशार पोरं लातूर-नांदेडच्या क्लासांत घडवली आणि बाहेर पाठवली. पाणी नाही, कारखाने थोडे, त्यांनी जायला नको होतं असं मी म्हणणार नाही. पण ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचता येणारा माणूस गावातून गेला की तो वाचणारं दुसरं कुणी आपोआप तयार होत नाही.

म्हणून माणसं यावीत असं खरंच वाटत असेल तर आधी सभेची तारीख आणि वेळ बघावी लागते. १ मे पर्यंत कारखान्यांचा पट्टा पडलेला, म्हणजे गाळप संपलेलं असतं, टोळ्या परत आलेल्या असतात. आराखड्याची चर्चा त्या ग्रामसभेत सुरू करायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. सभा उन्हात सकाळी न ठेवता दिवस मावळल्यावर ठेवावी. महिलांची सभा आधी घ्यायची कायद्यातच तरतूद आहे, ती कागदावर न उरकता खरोखर घ्यावी, आणि नोटीस बोर्डावर चिकटवून न थांबता तांड्यावर, वस्तीवर जाऊन नावानिशी निरोप द्यावा. पुढच्या दिवाळीत टोळी निघेल तेव्हा पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह हवं की नको, हे ज्यांची पोरं आहेत त्यांना मे महिन्यातच विचारता येतं.